राणीच्या बागेत झाडं-पाखरं बघायला निघताना

आधी वार बघा. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद. शनिवार-रविवारची गर्दी टाळता आली तर उत्तमच. महिना निवडता येत असेल तर फेब्रुवारी-मार्च गाठा, उर्वशीच्या फुलांसाठी. मूळचं ब्रह्मदेशातलं हे झाड. लालभडक फुलांचे लांब घोस झुंबरासारखे लोंबतात आणि वरच्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. हे झाड चुकवू नका.

पाणी, टोपी, डासांचं मलम, छोटी वही एवढं पिशवीत पुरे. दुर्बीण असेल तर ८ बाय ४० ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४० मिलिमीटर भिंगाची घ्या. त्याहून जास्त ताकदीची हातात हलते. कपडे मातकट किंवा हिरवे घाला. खाऊ न्या, पण पाखरांना घालण्यासाठी नको.

फाटक उघडल्या उघडल्या आत शिरा आणि पेंग्विनच्या रांगेकडे लगेच वळू नका. २०१७ पासून बहुतेकांची पावलं तिकडेच जातात. नूतनीकरणात उभारलेल्या मोठ्या पिंजऱ्यातले पक्षीही उशिरा दिसतीलच. मोकळी पाखरं मात्र ऊन चढलं की गप्प होतात, म्हणून पहिला तास त्यांचा. 'टुक टुक' ऐकू आलं की वाळक्या फांद्या शोधा, तांबट तिथे असेल. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळ आणि छाती लाल. दुर्बिणीतून गळा बघा: चोच मिटलेली असते आणि प्रत्येक 'टुक'ला गळ्याची कातडी फुगते. हळद्या, दयाळ, शिंजीर यांची नावं मुलांना आदल्या दिवशी चित्रं दाखवून शिकवून ठेवा. ओळखीचा पक्षी दिसला की मुलं आपणहून थांबतात.

झाडांसाठी मात्र नजर खोडावर ठेवा. कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात, आणि आत पिंडीवर नागफणा धरल्यासारखी रचना असते. खाली पडलेलं फूल उचलून वास घ्या, तोडू मात्र नका. त्याची तोफगोळ्यासारखी फळं लटकत असतील तर खाली रेंगाळू नका. गोरखचिंचेचा बुंधा हातांनी कवटाळून बघा. किती माणसं लागतात ते मुलांनाच मोजू द्या.

दुपारी शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. बाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीचा आहे. संग्रहालयही बुधवारी बंदच असतं.