दारूमुक्तीच्या गटात जाताना या चुका टाळा

दारू सोडण्यासाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या स्वमदत गटाच्या, म्हणजे ‘एए’च्या, मीटिंगला एकदाच गेलेली आणि पुन्हा न फिरकलेली माणसे पुष्कळ भेटतात. कारण विचारले, तर ‘तिथे नुसत्या गप्पा चालतात’, ‘सगळे देवाधर्माचे होते’, ‘माझे पिणे त्यांच्याइतके नाही’ अशी ठरावीक उत्तरे मिळतात. गट काय करतो आणि काय करत नाही, हे आधी कोणी नीट सांगितलेले नसते, हे या निराशेचे मोठे कारण आहे.

सर्वांत धोकादायक चूक मीटिंगच्या आधीच घडते. रोज भरपूर पिणारा माणूस घरच्यांच्या आग्रहाखातर एका दिवसात बाटली बंद करतो आणि डॉक्टरऐवजी थेट गटाकडे जातो. अशा माणसाला दारू बंद केल्यावर काही तासांतच हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, भ्रम व तीव्र अस्वस्थता यांची गंभीर अवस्था उद्भवू शकते, जी जिवावरही बेतते. पूर्वी झटके आलेले असतील, सकाळी उठल्याबरोबर प्यावे लागत असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाला किंवा रुग्णालयात दाखवावे. तेथे औषधे आणि थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) देऊन हा काळ सुरक्षितपणे पार पाडता येतो. गटात औषध मिळत नाही, आणि ‘गोळ्या बंद करा, आता मीटिंग पुरे’ असा सल्ला कोणी सदस्याने दिला, तर तो मानू नये.

दुसरा घोळ गट शोधताना होतो. व्यसनमुक्ती केंद्र आणि स्वमदत गट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रात दाखल होऊन उपचार घ्यावे लागतात. एए मात्र केंद्र चालवत नाही आणि सदस्यत्वासाठी शुल्कही घेत नाही. मीटिंगमध्ये सदस्यांकडून खर्चापुरती ऐच्छिक वर्गणी जमवतात, तीही सक्तीची नसते. त्यामुळे एएच्या नावाखाली कोणी प्रवेश शुल्क मागितले, तर तेथून निघावे. पत्ता मिळत नसेल, तर केंद्र सरकारच्या 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा जवळच्या केंद्रात चौकशी करावी. मीटिंग बहुधा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या सभागृहात भरते आणि सुट्टीत जागा बदलू शकते, म्हणून निघण्याआधी फोन करावा. मीटिंग खुली आहे की बंद, हेही त्याच वेळी विचारावे. बंद मीटिंगला दारू सोडू इच्छिणाराच बसू शकतो, सोबत आलेली पत्नी किंवा भाऊ नव्हे.

आता त्या ‘नुसत्या गप्पां’विषयी. मुलांच्या बुटक्या बाकांवर दहा-बारा माणसे बसलेली असतात. एक जण उठून ‘माझे नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे’ असे म्हणतो आणि पगार कसा उडाला, मुलीच्या शाळेत कसा झिंगून गेलो, हे सांगू लागतो. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करत नाही. नवख्याला हे विचित्र वाटते, कारण आपल्याकडे दारुड्याला बोलू देण्यापेक्षा सुनावण्याची सवय अधिक. पण उपचार म्हणतात तो हाच. 1935 साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक यांनी एकमेकांशी बोलत दारूपासून दूर राहण्याचा मार्ग शोधला, त्यातूनच ही संघटना उभी राहिली. म्हणून पहिल्या दिवशी बोलण्याची घाई नको. ‘आज मी फक्त ऐकेन’ एवढे म्हटले तरी चालते. एका मीटिंगवरून निकालही देऊ नये. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो; एक जुळला नाही, तर दुसऱ्या वस्तीतला पाहावा. निदान पाच-सहा मीटिंगांनंतर मत बनवावे, असे मला वाटते.

देवाची अडचण खरी आहे, ती झटकून टाकू नये. एएच्या कार्यक्रमातील बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, पण ‘आपल्याला उमगेल तसा’ ही सूट तेथेच दिलेली आहे, आणि दारू सोडण्याची इच्छा ही सदस्यत्वाची एकमेव अट आहे. अनेक नास्तिक सदस्य गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानून पुढे जातात.

कुटुंबीयांनी मीटिंगच्या दारात पहारा देऊ नये आणि ‘आज काय बोललास?’ अशी उलटतपासणीही घेऊ नये. तेथले तेथेच राहते, या भरवशावरच माणसे खरे बोलतात. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन हा स्वतंत्र गट आहे. वैतागून जेवणात चोरून डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध मिसळणे तर कदापि करू नये. नकळत त्यावर दारू पोटात गेली, तर उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणे असे प्रकार होऊन प्राणही जाऊ शकतात.

काही महिने कोरडे काढून मध्येच प्यायले गेले, तर शरमेने मीटिंग टाळणे ही अनेकांची शेवटची चूक असते. स्पॉन्सरला, म्हणजे मार्गदर्शक म्हणून निवडलेल्या जुन्या सदस्याला, त्याच दिवशी फोन करावा. सलग काही दिवस पुन्हा भरपूर पिणे झाले असेल, तर आधी डॉक्टर गाठावा आणि तब्येत सावरताच पुढच्या मीटिंगला जाऊन बसावे. दिवस पुन्हा एकपासून मोजण्याची त्या बाकांवर कोणालाही नवलाई नसते.