आजारपणात व्यायाम करायचा की नाही? ठरवताना या चुका टाळा

बडोद्यात पावसाळा सरता सरता दोन गोष्टी एकदम येतात. घरोघरी व्हायरल, डेंग्यू, चिकनगुन्या. आणि मैदानांवर गरब्याची तयारी. सीझन पास काढलेला असतो, ग्रुप ठरलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच नाक गळायला लागतं किंवा अंगात कसर येते. जिमला जाणाऱ्यांचं, पहाटे कमाटी बागेत चालणाऱ्यांचं, तालमीत जोर-बैठका काढणाऱ्यांचंही तेच. जायचं की नाही, हे बहुतेक जण त्या क्षणीच्या हुरुपावर ठरवतात. खरं तर थर्मामीटर, नाडी आणि दुखणं शरीरात कुठे बसलंय, एवढं पाहिलं तरी बहुतेक वेळा निर्णय होऊन जातो.

"आजारी आहे" म्हणजे सगळं एकच, असं धरणं

साधं पडसं आणि फ्लू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॉक्टर आणि प्रशिक्षक एक सोपी खूण वापरतात: त्रास मानेच्या वर आहे की खाली? नाक गळणं, शिंका, घशात थोडी खवखव एवढंच असेल आणि ताप नसेल, तर हलका व्यायाम चालतो. छातीत कफ, खोल खोकला, उलट्या-जुलाब, अंगदुखी, थंडी वाजणं यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. ताप असेल तर बाकी काहीच पाहू नका. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दिसला की विषय संपला.

1998 मध्ये अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठात तरुण स्वयंसेवकांना मुद्दाम सर्दीच्या विषाणूची लागण करून अभ्यास झाला होता. ज्यांनी त्या दिवसांत मध्यम व्यायाम चालू ठेवला, त्यांची सर्दी बाकीच्यांपेक्षा वाढली नाही आणि लांबलीही नाही. मात्र लवकरही बरी झाली नाही. शिवाय तो विषाणू सौम्य होता आणि व्यायाम मध्यम. त्यावरून फ्लूमध्ये पळायची परवानगी काढू नका. आणि बंद एसी जिममध्ये सर्दी-खोकला घेऊन जाऊ नका. घरीच किंवा मोकळ्यावर चाला. फ्लूचा रोगी तर लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढचे पाच-सात दिवस इतरांना लागण करू शकतो.

घाम काढला की ताप उतरेल, असं मानणं

ही समजूत जुनी आहे आणि या यादीतली सगळ्यात घातक आहे. तापात घाम येतो तो ताप उतरताना, शरीर स्वतःला थंड करत असतं म्हणून. व्यायाम करून काढलेल्या घामाने विषाणू बाहेर पडत नाही, फक्त पाणी आणि मीठ जातं. शरीराचं तापमान साधारण एक अंश सेल्सियसने वाढलं की नाडीचे मिनिटाला दहाएक ठोके वाढतात. म्हणजे नुसतं पडून असतानाही हृदयाला जास्त काम पडलेलंच असतं. त्यावर दंड-बैठका किंवा ट्रेडमिल चढवलं, तर भार आणखी वाढतो.

काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतात. त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. हे क्वचित होतं, पण तरुण, धडधाकट मुलांनाही होतं, आणि अशा वेळी जोरकस व्यायाम केला तर हृदयाची लय बिघडून जीवावर बेतू शकतं. म्हणूनच निदान झालेल्या खेळाडूंना साधारण 3 ते 6 महिने मैदानापासून दूर ठेवतात. आजारपणात किंवा नंतरच्या काही आठवड्यांत छातीत दुखलं, उगाच धडधडलं, चक्कर आली किंवा नेहमीच्या जिन्यावर धाप लागली, तर व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्या. "गॅस असेल" म्हणून घरी बसू नका.

गोळी घेऊन मैदान गाठणं

संध्याकाळी पॅरासिटामॉल घेतली, ताप उतरला, चनिया-चोळी नेसून निघाले, हे नवरात्रात सर्रास चालतं. पॅरासिटामॉल चार ते सहा तास ताप दाबते. आजार आहे तिथेच असतो. गोळीचा असर उतरल्यावर थर्मामीटर काय सांगतो, तेच खरं माप. सर्दीच्या मिश्र गोळ्यांमध्ये बहुधा फेनिलेफ्रिन हे चोंदलेल्या नाकासाठीचं औषध असतं, ते रक्तदाब वाढवू शकतं. सोबत झोप आणणारं औषधही असतं. ब्लड प्रेशर असलेल्यांनी ही गोळी घेऊन गरब्याच्या वेगवान फेऱ्या मारूच नयेत.

ताप उतरला म्हणजे आजार संपला, असं समजणं

"आई, ताप नाहीये आता, आज तरी जाऊ दे," हे वाक्य ऐकलं की आधी विचारा, ताप कशाचा होता?

डेंग्यूत ताप साधारण 2 ते 7 दिवस राहतो, आणि धोक्याचा काळ बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतो. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यानचे ते 24 ते 48 तास. रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव बाहेर झिरपतो, प्लेटलेट घसरतात, आणि रुग्णाला मात्र ताप गेल्याने हलकं वाटत असतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण ग्लानी किंवा अस्वस्थपणा, यांतलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. या दिवसांत व्यायामाचा विचारही नको. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन तर अजिबात नको, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. घारीच्या नजरेने ज्यावर लक्ष ठेवावं असा हा काळ आहे, आणि नेमका याच काळात घरचे "सुटलो एकदाचे" म्हणून निश्चिंत होतात.

मलेरिया वेगळ्या तऱ्हेने फसवतो. त्याच्या एका नेहमीच्या प्रकारात ताप एक दिवसाआड भरतो. मधल्या दिवशी माणूस खडखडीत दिसतो, तालमीत जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी. थंडी वाजून ताप आला असेल तर रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबा.

टायफॉईडमध्ये आतड्यांना जखमा होतात. ताप गेल्यावरही जड वजनं उचलणं डॉक्टरांना विचारूनच. चिकनगुन्यात सांधे आठवडे, कधी महिने दुखतात. तिथे पूर्ण पडून राहिल्याने सांधे आखडतात, म्हणून ताप गेल्यावर हलक्या हालचाली हव्यात, पण उड्या आणि धावणं नको.

"योग तर हलकाच असतो"

ताप नसताना शवासन आणि संथ श्वसन ठीक आहे. पण कपालभाती आणि भराभर घातलेले सूर्यनमस्कार हे श्रमच आहेत. नाक चोंदलेलं असताना सर्वांगासनासारखी उलटी आसनं केली तर डोक्यातला ठणका वाढतो.

खंड पडेल या भीतीने ओढत राहणं

बडोदं हे जुम्मादादा व्यायाम मंदिर या जुन्या तालमीचं, तिथले व्यायामगुरू प्रा. माणिकराव यांचं गाव. इथल्या मराठी घरांत व्यायामाला खंड न पाडणं हा अभिमानाचा विषय आहे, आणि तो असायलाच हवा. पण आठवडाभराच्या विश्रांतीने कमावलेलं शरीर जात नाही. दम दहा-चौदा दिवसांनी थोडा कमी व्हायला लागतो. ताकद तर साधारण तीन आठवडे टिकते. याउलट तापात ओढत राहिलात तर तीन दिवसांचं दुखणं तीन आठवड्यांचं होऊ शकतं. मधुमेह असलेल्यांनी खास जपावं: संसर्गात साखर वाढते, अशा वेळी व्यायामाने ती उतरवायला जाऊ नका, आधी मोजा.

परतल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण जोर

गोळीशिवाय पूर्ण 24 तास ताप नसावा, नीट जेवण जात असावं, झोप झालेली असावी. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. नेहमीपेक्षा दहाएक ठोके जास्त असतील तर अजून एक दिवस थांबा. हे माप उपयोगी पडायचं तर आपली नेहमीची नाडी किती, हे आजारी नसताना मोजून ठेवलेलं हवं, आजच मोजा. जुलाब होत असतील तर आधी ओआरएसने पाणी भरून काढा.

पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चाला, बोलता येईल इतक्याच वेगाने. दुसऱ्या सकाळी थकवा वाढलेला नसेल तर नेहमीच्या निम्मा व्यायाम. जितके दिवस आजारी होतात, साधारण तितकेच दिवस चढत्या क्रमाने घ्या. कोविडनंतर मात्र लक्षणं पूर्ण गेल्यावर निदान सात दिवस थांबून मगच सुरुवात करा. गरब्याला जायचंच असेल तर पहिल्या रात्री दोन संथ फेऱ्या, पाण्याची बाटली जवळ, आणि ग्रुपमधल्या एकाला तरी सांगून ठेवा की तुम्ही नुकतेच आजारातून उठला आहात. छातीत जड वाटलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर फेरी पूर्ण करायची वाट पाहू नका. बाजूला होऊन बसा आणि त्याला हाक मारा.