शिलाईच्या टेबलाचा ड्रॉवर रिळाच्या मापाने करा

टेबल बनवताना ड्रॉवर उगाच खोल ठेवतो आणि मग रिळं, बॉबिन, हुक सगळं एकावर एक पडून नुसता गुंता, हवा तो रंग नेमका तळाशी. त्यापेक्षा लाकूड कापायच्या आधीच सगळं सामान पुठ्ठ्यावर मांडून बघा.

१. सगळ्यात उंच रीळ उभं ठेवून मोजा, त्यात १ सेमी वाढवा, झाली ड्रॉवरची आतली उंची.
२. तळाला प्लाय टाकून त्यात रिळाच्या भोकात जातील अशा बारीक लाकडी खुंट्या बसवा, रिळं लोळत नाहीत आणि वरून रंग दिसतात. प्लायची जाडी पण उंचीत धरा हं, मी विसरले होते.
३. कात्रीला वेगळा कप्पा.

फक्त ड्रॉवर मधोमध नको, बसल्यावर गुडघे आपटतात, बाजूलाच घ्या.