वर्ग भरण्याआधी: सगळ्या विद्यार्थ्यांना वापरता येईल अशा अभ्यासक्रमाची तयारी

तयारीला वर्ग सुरू होण्याच्या सहा आठवडे आधी बसा आणि पहिलं काम नोट्सच्या फाइल्स तपासण्याचं करा. रॅम्प, लिफ्ट यांची चर्चा बैठकांत होते, फाइल्सची होत नाही. अंध, अल्पदृष्टी किंवा वाचन-अक्षमता असलेला विद्यार्थी मात्र बहुतेक वेळा इथेच अडतो. ब्रेल, मोठ्या अक्षरांची प्रत आणि मोबाइलवर ऐकायचा मजकूर हे सगळं एकाच फाइलमधून तयार होतं. ती फाइल बिघडलेली असली तर पुढचं काहीच धड होत नाही.

आपल्या महाविद्यालयांतल्या जुन्या मराठी नोट्स बहुधा श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. कृतिदेवमधला ‘मराठी’ हा शब्द स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) दृष्टीने ई, जे, के, बी, एच एवढाच असतो. फाइल ओळखायची सोपी खूण अशी: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी उमटली तर युनिकोड (आत खरी देवनागरी अक्षरंच साठवणारी पद्धत) आहे, इंग्रजी गिचमिड आली तर नाही. अशी फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, पण नंतर माणसाने ती वाचलीच पाहिजे. रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, ‘दऱ्या’मधला अर्धा र बिघडतो. मुळात इंग्रजी असलेले शब्द आणि सूत्रंही कन्व्हर्टर मराठी समजून बदलून टाकतो. विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या नोट्समध्ये हे नुकसान सर्वांत जास्त होतं.

झेरॉक्सवरून स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र, त्यात वाचण्याजोगं अक्षर एकही नसतं. गूगल ड्राइव्हवर ती फाइल गूगल डॉक्सने उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो. स्कॅन ३०० डीपीआयचं आणि पान सरळ असावं, पेन्सिलीच्या खुणा खोडलेल्या असाव्यात, नाहीतर जोडाक्षरांची वाट लागते. संदर्भपुस्तक स्कॅन करण्याआधी ते ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात आहे का, ते पाहा. छापील मजकूर वाचता न येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पुस्तकाची वापरण्याजोगी प्रत करायला कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. ग्रंथपालांना हे आधीच दाखवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी परवानगीसाठी काम अडणार नाही.

फाइल युनिकोडमध्ये आली की तिची बांधणी करा. प्रकरणाचं नाव नुसतं ठळक करून भागत नाही, त्याला वर्डमधली ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ ही शैली द्या. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी इन्सर्ट आणि एफ७ दाबून शीर्षकांची यादी काढतो आणि हव्या मुद्द्यावर थेट जातो. शैली नसेल तर त्याला चाळीस पानं पहिल्यापासून ऐकावी लागतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडा, नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी ओळी गाळतो किंवा भलतंच काही उच्चारतो. तक्त्यात घरं जोडू नका आणि पहिली ओळ शीर्षकाची म्हणून ठरवा. आलेखाच्या पर्यायी मजकुरात (चित्राऐवजी स्क्रीन रीडर जे वाचतो त्यात) ‘आकृती ३’ लिहून काही साधत नाही. ‘मागणी वक्र: आडव्या अक्षावर नगसंख्या, उभ्या अक्षावर किंमत, रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते’ असं लिहा. पीडीएफ करताना ‘सेव्ह अ‍ॅज’ वापरा. ‘प्रिंट टू पीडीएफ’मध्ये ही सगळी बांधणी पुसली जाते. देवनागरी पीडीएफमध्ये जोडाक्षरं तरीही तुटू शकतात, म्हणून मूळ वर्ड फाइल सोबत द्याच.

अल्पदृष्टी विद्यार्थ्यासाठी ए४ पान ए३ वर मोठं करून देण्याची पद्धत सोडून द्या. अक्षर फिकट आणि पुसट होतं, कागद बाकावर मावत नाही. मूळ फाइलमध्येच अक्षर १८ ते २० पॉइंट करा, ओळींत दीडपट अंतर ठेवा आणि चकचकीत नसलेल्या कागदावर छापा. देवनागरीत अनुस्वार आणि उकार सर्वांत आधी दिसेनासे होतात, तेव्हा आकार ठरवताना तेच वाचून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस बोर्डाचा फोटो टाकायची सवय मोडायला हवी. फोनमधलं टॉकबॅक हे मजकूर वाचून दाखवणारं साधन त्या फोटोतली तारीख आणि खोली क्रमांक भरवशाने वाचून दाखवू शकत नाही. तोच मजकूर टाइप करून टाका.

कोणाला काय लागेल, हे प्रवेशाच्या वेळी सगळ्यांनाच विचारा: वाचायला, ऐकायला, लिहायला, ये-जा करायला कशाची मदत हवी? आजाराचं नाव विचारू नका. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आरक्षणासाठी आणि परीक्षेतल्या सवलतींसाठी लागतं. नोट्सची फाइल देण्यासाठी ते मागणं चूक आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत आणि त्यांतले काही डोळ्यांना दिसतच नाहीत. गडचिरोली, नंदुरबारकडच्या महाविद्यालयांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा विचार करावाच. वेदनांचा झटका आला की विद्यार्थी काही दिवस येऊ शकत नाही. बुडालेलं प्रात्यक्षिक पुन्हा कधी होईल, हे त्याला सत्राच्या सुरुवातीलाच माहीत हवं, आणि पाण्याची बाटली वर्गात चालते हेही सांगून ठेवा.

वर्गात कर्णबधिर विद्यार्थी असेल तर खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका. मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो आणि ओठ वाचता येत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोललेलं वाक्य त्याच्यापुरतं गेलंच. सांकेतिक भाषेचे दुभाषी येणार असतील तर धड्यातले पारिभाषिक शब्द त्यांना आठवडाभर आधी द्या. लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे अ‍ॅप मराठी बोलणं अक्षरांत उमटवतं, पण फोन बोलणाऱ्याच्या जवळ हवा. मराठीत मिसळलेले इंग्रजी शब्द ते अनेकदा चुकवतं, ते फळ्यावर लिहा. मागच्या बाकावरून आलेला प्रश्न उत्तराआधी मोठ्याने पुन्हा म्हणा. फळ्यावर बोट ठेवून ‘हे इकडून तिकडे नेलं’ म्हणू नका, ‘उजवीकडचा क्ष डावीकडे नेला, चिन्ह बदललं’ म्हणा. न दिसणाऱ्याला गणित कळतं आणि बाकीच्यांच्या वह्याही नीट होतात.

परीक्षेची तयारी जूनमध्येच सुरू करा. जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास आणि अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं. घोळ होतो तो एका दिवशी दोन पेपर असतात तेव्हा: सकाळचा पेपर लांबतो आणि मधली सुट्टी संपून जाते. वेळापत्रक ठरवतानाच हे परीक्षा विभागापुढे ठेवा. लेखनिक आदल्या दिवशी शोधू नका, विद्यार्थ्याला त्याच्यासोबत एक-दोन सराव पेपर लिहू द्या. विषयातली चिन्हं आणि शब्द लेखनिकाला लिहिताच आले नाहीत, तर उत्तर माहीत असूनही गुण जातात. लेखनिकासह बसणाऱ्याला वेगळी खोली लागते, नाहीतर सांगितलेलं उत्तर सगळ्या वर्गाला ऐकू जातं. ती तळमजल्यावर असावी. ‘आकृती काढा’ या प्रश्नाला तितक्याच गुणांचा पर्यायी प्रश्न पेपर काढतानाच तयार ठेवा, पर्यवेक्षकाने तो ऐनवेळी सुचवण्यात अर्थ नाही.

इमारतीत उताराचं प्रमाण १:१२ हवं, म्हणजे अर्धा मीटर चढायला सहा मीटर लांब रॅम्प. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर. लिफ्ट नसेल तर त्या तुकडीचे सगळे तास खाली घ्या, एकट्या विद्यार्थ्याला खाली बसवून ठेवू नका. क्षेत्रभेटीची जागा ठरवण्याआधी तिथलं स्वच्छतागृह पाहून या.

शेवटच्या आठवड्यात पहिल्या पंधरा दिवसांच्या सगळ्या फाइल्स संगणकाचा पडदा बंद करून एनव्हीडीएवर ऐका. जमलं तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माजी विद्यार्थ्याला बोलवा आणि त्याला या कामाचं मानधन द्या. जी फाइल अडेल तिच्यापुढे दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. नाव नसलेली दुरुस्ती पुढच्या सत्रापर्यंत तशीच राहते.