डीव्हीडी मेनूतली अक्षरं फुटू नयेत म्हणून

साताऱ्यात लग्नाच्या डीव्हीडी करायला लागलो तेव्हा माझ्या पहिल्याच मेनूत 'हळदी समारंभ'ची शिरोरेघ टीव्हीवर सारखी थरथरायची. कॉम्प्युटरवर मात्र सगळं स्वच्छ. जुना टीव्ही एकाआड एक ओळी रंगवतो, त्यामुळे एका पिक्सेलची आडवी रेघ दोनातल्या एकाच फेरीत उमटते आणि लुकलुकते. आपल्या देवनागरीत तर शब्दाशब्दावर अशी रेघ! म्हणून ठसठशीत फॉन्ट घ्या, शिरोरेघ निदान तीन पिक्सेल जाड ठेवा. अनुस्वार आणि मात्राही मग गिळल्या जात नाहीत.

आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही पद्धतीत डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ असतं, पण त्याचे पिक्सेल चौरस नसतात. म्हणून जुन्या ४:३ पडद्यासाठी मेनू ७६८ बाय ५७६ वर रचा, रुंद पडद्यासाठी १०२४ बाय ५७६ वर, आणि अगदी शेवटी एकदाच ७२० वर आणा. सारखं लहानमोठं केलं की कडा विरघळतात. चित्र पीएनजीत ठेवा, जेपीजीत नको.

भडक लाल अक्षरं टाळाच. डीव्हीडीत रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलाच्या पावपटच साठवतात, त्यामुळे लाल रंग कडेला पसरतो. गडद पार्श्वभूमीवर फिकट पिवळी अक्षरं छान उठतात.

बटणाच्या हायलाइटला, म्हणजे बटण निवडलंय हे दाखवणाऱ्या खुणेला, जेमतेम चार रंग मिळतात, म्हणून त्यात लिहिलेल्या अक्षरांना करवतीसारखे दाते येतात. अक्षरं मागच्या चित्रातच ठेवा आणि हायलाइटसाठी खाली सरळ जाड पट्टी द्या.