ब्रेक लाईट विझतच नाही? स्विच बदलण्याआधी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अजून कितीतरी घरांच्या पडवीत पद्मिनी नाहीतर अ‍ॅम्बॅसेडर ताडपत्रीखाली जपलेली असते. खंडेनवमीला ती धुऊन, हार घालून बाहेर काढली की मागून कुणीतरी हमखास सांगतो, "ओ, ब्रेक लाईट लागूनच आहे की!" मग गॅरेज, मग नवा स्विच, आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा लागलेलाच.

सगळ्यात मोठी चूक ही की दिवा विझवायच्या नादात ब्रेक सुटलाय का, हे कुणी बघतच नाही. जुन्या अ‍ॅम्बॅसेडरसारख्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक लाईटचा स्विच पेडलवर नसतो, ब्रेकच्या पाइपलाइनवर असतो. ऑईलचा दाब वाढला की तो दिवा लावतो. म्हणजे पाय काढल्यावरही दिवा जळत असेल, तर कदाचित स्विच खरंच बोलतोय आणि लाइनीत दाब अडकलाय. अशा वेळी स्विच बदलून काय होणार?

तपासायला अवजारं फार लागत नाहीत. थोडं अंतर चालवून आल्यावर गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा, एकेक चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. चारही चाकं जड असतील आणि दिवाही लागलेला असेल, तर संशय मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑईलला दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरवर. एकच चाक जाम आणि दिवा मात्र विझलेला, तर त्या चाकाचा सिलिंडर किंवा आतून फुगलेला रबरी होज बघा. चाकं मोकळी फिरतात पण दिवा जळतोय, तेव्हाच स्विच आणि वायरिंगकडे वळा. चाक जड असतानाच त्याच्या मागचा निपल, म्हणजे ऑईल-हवा काढायचा छोटा स्क्रू, जरासा सैल करा. ऑईल पिचकारीसारखं उडालं, चाक सुटलं आणि दिवाही विझला, तर दाब अडकला होता हे पक्कं.

दाब अडकतो कसा? मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे जाणारं एक बारीक भोक असतं. पाय काढला की पिस्टन पूर्ण मागे येऊन ते उघडं व्हायला हवं, म्हणजे लाइनीतलं ऑईल परत टाकीत जातं. पेडलच्या दांड्याला फ्री प्ले, म्हणजे थोडी मोकळी हालचाल, ठेवला नसेल तर भोक झाकलेलंच राहतं. ऑईल तापून फुगतं, लायनर घासतात, ड्रम आणखी तापतो. "पेडल कसं टाइट लागलं पाहिजे" म्हणून दांडा लांब करून देणारे मिस्त्री आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. दुसरं कारण ऑईलचं. ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑईल पडलं की सिलिंडरमधले रबरी वॉशर फुगतात. मग नुसतं ऑईल बदलून भागत नाही. रबर सगळं नवं घाला आणि पाइप धुऊन घ्या.

पेडलवर स्विच असलेल्या गाड्यांचं, म्हणजे मारुती ८०० वगैरेचं, दुखणं सोपं असतं. पेडल वर आल्यावर स्विचचा दांडा दाबणारं छोटं रबर किंवा प्लॅस्टिक वर्षांनी भुगा होऊन खाली पडतं. पायाखालच्या मॅटवर तुकडे दिसतातच. जाड मॅट, ढिली पडलेली स्प्रिंग हेही बघून घ्या.

आता वायरिंग. स्विचची दोन्ही टोकं काढा. दिवा विझला तर दोष स्विचचा किंवा दाबाचा. तरीही जळत राहिला तर पुढे कुठेतरी वायर सोलून दुसऱ्या चालू वायरीला लागलीये. डिकीच्या बिजागरीपाशी घासणारी वायर आधी बघा. पार्किंग लाईट लावल्यावरच ब्रेक लाईट मंद उजळत असेल तर अर्थिंग गेलंय. २१/५ वॅटच्या दोन तारांच्या बल्बला जमिनीची वाट मिळाली नाही की करंट दुसऱ्या तारेतून वाट काढतो. खानापूरकडच्या पावसात होल्डर गंजणं नवीन नाही. पॉलिश पेपर मारा, अर्थची वायर बॉडीला नीट कसा. एलईडी बल्ब टाकून मंद उजेड दिसत असेल तर आधी जुना बल्ब लावून बघा. एलईडी थोड्याशा गळतीच्या करंटवरही उजळतो.

बऱ्याच जुन्या गाड्यांत किल्ली काढली तरी ब्रेक लाईटला सप्लाय राहतो. २१ वॅटचे दोन बल्ब साडेतीन अँपिअर ओढतात, म्हणजे ४० अँपिअर-अवरची बॅटरी रात्रभरात बसते. सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो आणि दोष बॅटरीवाल्याला! दुरुस्ती होईपर्यंत उभ्या गाडीची बॅटरीची वायर काढून ठेवा.

पण त्यावर उपाय म्हणून ब्रेक लाईटची वायर काढून राष्ट्रीय महामार्ग ४८ वर जाऊ नका. मागचा ट्रकवाला तुमच्या दिव्यावरच भरवसा ठेवून असतो. आणि चोर्ला घाटात ब्रेक धरल्यासारखा वाटला, जळका वास आला, तर बाजूला थांबून गाडी तशीच निवू द्या. ड्रमवर पाणी ओतू नका. तापलेल्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, गार पाणी पडलं की ते तडकतं, हे बेळगावच्या उद्यमबागेतला कुठलाही फाउंड्रीवाला सांगेल.