‘भावी नगरसेवक’ फलकाआधीचे कागद

कोल्हापुरात नगरसेवक व्हायची इच्छा बहुतेकदा तालमीच्या कट्ट्यावर जन्माला येते. गणपती झाला, रक्तदान शिबिर झालं, पेठेच्या फुटबॉल संघाला जर्सी वाटून झाल्या, की चौकात डिजिटल फलक झळकतो: ‘भावी नगरसेवक’. (त्या फलकालाही मनपाची परवानगी लागते, आणि सुरुवातीची चूक बहुधा तिथंच होते.) ओळख हवी, कट्टाही हवा. पण तयारी कागदापासून करा, कारण ऐन वेळी कट्टा उपयोगी पडत नाही.

मनपाच्या आधीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. त्यानंतर जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. त्या पाच वर्षांत निवडून आलेल्यांची महासभा शहरानं पाहिलीच नाही. त्यातच पूर्वीचे एक सदस्य निवडणारे 81 प्रभाग जाऊन 20 मोठे प्रभाग आले. जागा 81 च राहिल्या, पण एका प्रभागात चार-पाच पेठा-कॉलन्या आल्या. एका गल्लीच्या जोरावर निवडून येण्याचे दिवस त्यामुळे मागे पडले.

उभं राहायला वय 21 पूर्ण हवं आणि शहराच्या मतदार यादीत नाव हवं. दुसऱ्या प्रभागातूनही लढता येतं, फक्त आपलं नाव असलेल्या पानाची प्रमाणित प्रत अर्जाला जोडावी लागते. सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा, मात्र जिथून लढताय त्याच प्रभागातला मतदार असला पाहिजे. घाईत मेव्हण्याची सही घेतली जाते आणि छाननीत कळतं की त्याचं नाव शेजारच्या प्रभागात आहे. यादीबद्दल आणखी एक गैरसमज आहे. मनपा निवडणुकीसाठी वेगळी नावनोंदणी होत नाही. विधानसभेची यादी ठरावीक तारखेला गोठवतात आणि तीच प्रभागवार फोडतात. 2026 च्या निवडणुकीसाठी ती तारीख 1 जुलै 2025 होती. म्हणजे गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांचे आणि अठरा पूर्ण झालेल्या पोरांचे नमुना 6, म्हणजे मतदार नोंदणीचे अर्ज, निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी भरून झालेले हवेत. प्रारूप यादीवर हरकती घेता येतात, पण त्या चुकीच्या प्रभागात गेलेल्या नावांसाठी. नवीन नाव त्या टप्प्यावर घुसत नाही.

अनामत 5,000 रुपये, राखीव जागेला 2,500. पैशापायी फारसं कुणाचं अडत नाही. अडतं ते जात वैधतेपाशी. प्रांत कार्यालयाचा जातीचा दाखला वेगळा आणि जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं. राखीव जागेसाठी दुसरं लागतं. ते हातात नसेल तर पडताळणीचा अर्ज केल्याची पोच आणि मुदतीत देण्याचं हमीपत्र यांवर अर्ज निभावतो, पण निवडून आल्यावर घड्याळ सुरू होतं. ऑगस्ट 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा महिन्यांची मुदत बंधनकारक ठरवली, तेव्हा कोल्हापूरच्या डझनाहून अधिक नगरसेवकांची पदं टांगणीला लागली होती. पुढं सरकारनं मुदत वाढवली म्हणून निभावलं.

पुरावे गोळा करायला वर्ष जातं असं धरून चाला. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीची नोंद शोधायची असते. पहिला थांबा आजोबांची प्राथमिक शाळा, तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा. शाळेत जात लिहिलेलीच नसेल तर तहसीलमध्ये गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. त्यांचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावं लागतं, आणि त्यांच्याकडे गर्दी नेमकी जागांच्या आरक्षणाच्या सोडतीनंतर होते. वंशावळीच्या शपथपत्रात ‘बाळू’ आणि रजिस्टरात ‘बाळकृष्ण’ असेल तर त्रुटी निघते, म्हणून दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा कागद आधीच तयार ठेवा. विवाहित महिला उमेदवारांची जात माहेरकडून धरली जाते. पुरावे माहेरच्या गावातून येतात, मतदार यादीतलं नाव सासरचं असतं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र हा मधला दुवा नसेल तर बाकीचे सगळे कागद असूनही फाइल अडकते. निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे ही अडचण दर खेपेला दिसते.

बाकीच्या अपात्रता थोडक्यात. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल जन्मलं असेल तर दार बंद. आताच्या पिढीला ती तारीख बघायचीही गरज नाही. घरफाळा-पाणीपट्टीची थकबाकी भरून ना हरकत दाखला घ्या, वडिलांच्या नावावरच्या घराचाही पाहा. मनपाच्या ठेक्यात तुमची भागीदारी असेल तर ती अर्जाआधी संपलेली हवी. विनापरवाना बांधकामाचा नियम तर जोडीदारापर्यंत आणि अवलंबून असलेल्यांपर्यंत पोचतो. गच्चीवरची पत्र्याची खोली विरोधकाला छाननीच्या दिवशी बरोबर आठवते.

पक्षाकडून लढणार असाल तर एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार असल्याचं पत्र. तो शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो, मूळ शाईच्या सहीसह. त्यावरचं प्रभागातल्या जागेचं अक्षर (अ, ब, क, ड) आणि तुमच्या अर्जावरचं अक्षर एकच आहे ना, हे स्वतः वाचा. नेत्याच्या पीएवर सोडू नका.

आता कामाचं. निवडणूक नसलेल्या वर्षांत प्रभाग शिकायचा असेल तर आपलं विभागीय कार्यालय गाठा: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट, या चारांपैकी एक. गल्लीतल्या रस्त्याची मागणी द्या आणि आवक क्रमांक टाकलेली प्रत घ्या. त्या क्रमांकाशिवाय मागणी म्हणजे गप्पा. पुढं कनिष्ठ अभियंत्याची पाहणी, इस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, वर्क ऑर्डर, काम, मोजमाप पुस्तकात नोंद आणि शेवटी बिल. फाइल कुठल्या टेबलावर आहे हे विचारता आलं की निम्मी लढाई जिंकली. ‘निधी नाही’ हे उत्तर मिळालं तर विचारा, कुठल्या लेखाशीर्षात, म्हणजे बजेटमधल्या कुठल्या खात्यात नाही?

इस्टिमेट हातात घेऊन वाचायला शिका. आयटम एकेक ओळीत असतात: खोदाई, खडीकरण, डांबराचा थर, आणि नशीब असेल तर ‘चेंबर उचलणे’. ही शेवटची ओळ राहिली की काय होतं ते शहरभर दिसतं. नवा थर चढतो, ड्रेनेजचं झाकण खालीच राहतं आणि महिन्याभरात तिथं दुचाकी आपटणारा खड्डा तयार होतो. ठेकेदाराला शिव्या घालून उपयोग नसतो, त्याच्या कामात ती ओळच नव्हती. तसंच नळ कनेक्शनचं. रस्ता एका विभागाचा, जलवाहिनी दुसऱ्याची. रस्त्याची वर्क ऑर्डर निघण्याआधी पाणीपुरवठ्याकडून गल्लीतली प्रलंबित कनेक्शनं मागवून घेतली नाहीत, तर नवा रस्ता उकरला जाणार हे ठरलेलं. दोष दायित्व कालावधी किती, हेही वर्क ऑर्डरमध्ये बघा. त्या काळात उखडलेला रस्ता ठेकेदारानं स्वखर्चानं करायचा असतो, पण तसं लेखी सांगणारा कुणीतरी लागतो.

कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. ‘पाच वर्षांतल्या सर्व कामांची माहिती’ मागणारा अर्ज फेटाळायला सोपा जातो. ‘अमुक गल्लीच्या कामाच्या मोजमाप पुस्तकाची प्रत’ मागा.

नदीकाठच्या प्रभागात असाल तर पावसाळ्याची वही वेगळी करा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. सुतारवाड्यात पाणी आधी येतं, म्हणून तिथल्या घरांचं स्थलांतरही आधी होतं. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांत कुठल्या घराच्या कितव्या पायरीला पाणी लागलं, अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणत्या घरात आहे, जनावरं कुणाकडं आहेत, हे वहीत असलेला पोरगा आपत्ती कक्षाला उपयोगी पडतो. मतदारही ते विसरत नाहीत.

प्रचारात एकट्याचं चालत नाही. चार जागांच्या प्रभागात मतदाराला चार वेळा बटण दाबायचं असतं, एकेका जागेसाठी एकेक. म्हातारी माणसं ओळखीच्या एका चिन्हावर बटण दाबून वळतात आणि मतदान अर्धवट राहतं. म्हणून पॅनेलमधल्या चौघांनी मिळून घरोघर नमुना मतपत्रिका दाखवणं भाषणापेक्षा जास्त कामाला येतं.

स्वीकृत सदस्य ही बिनानिवडणुकीची वाट. सभागृहात बोलता येतं, मत देता येत नाही. डॉक्टर, वकील, अभियंता असा व्यवसायाचा किंवा संस्थेतल्या कामाचा अनुभव मागतात. प्रत्यक्षात तिथंही पक्षाच्या संख्याबळावरच नाव ठरतं, तेव्हा मनात फार आशा ठेवू नका.

निकालानंतर एक कागद उरतो. खर्चाचा हिशेब 30 दिवसांत द्यायचा असतो, जिंकलेल्यांनी आणि हरलेल्यांनीही. जिंकलेला देतो. हरलेला मोबाइल बंद करून गावाला जातो, नोटीस येते, आणि तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवलं जाऊ शकतं. अर्ज भरण्याआधी वेगळं बँक खातं उघडलेलं असेल आणि रिक्षा, हँडबिलं, कार्यकर्त्यांची मिसळ यांची बिलं त्या त्या दिवशी वहीत चिकटवली असतील, तर हे काम एका संध्याकाळचं आहे.